शालनताईंनी ठेवलेला ओरखडा

आमच्या घरी बाहेरून आलेली कोणतीही वस्तू आधी पुसली जाते आणि मग उन्हात ठेवली जाते. कोरोनाच्या वर्षी लागलेली ही सवय माझी सुटलेली नाही. घरातले चिडवतात, पण भाजीपासून कुरिअरच्या खोक्यापर्यंत सगळे माझ्या हाताखालून जाते. त्या सवयीमुळेच शालन तळभंडारे या बाईंची आणि माझी खरी ओळख झाली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या मुलीने, सृष्टीने, हैदराबादहून एक लहान खोके पाठवले. ती तिथे एका संस्थेत खनिजांवर पीएच.डी. करते. फोनवर म्हणाली, "आई, हे कुंभारीला शालनमावशींकडे पोचव. सोमवारी दिलंस तरी चालेल. आणि आतली पुडी उघडू नकोस."

खोके शुक्रवारी आले. त्याला तेलकट, कुबट वास येत होता. आत कापूस, कापसात काळ्या कागदाची पुडी आणि पुडीत रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, काचेसारखी एक चकती. त्या चकतीत अंगठ्याच्या नखाएवढा दगड बसवलेला होता. पांढऱ्या आणि करड्या पट्ट्यांचा, आणि मधोमध डाळिंबाचा दाणा सुकून चिकटावा तसा लाल ठिपका. सृष्टीचे सांगणे सवयीपुढे विसरून मी चकती भांड्यांच्या साबणाने धुतली आणि गच्चीवर नेली. गच्चीवर माझे सांडगे आणि कुरडया वाळत होत्या. सोलापूरचे एप्रिलचे ऊन. कठड्याला हात लागला तर चटका बसायचा. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस ती चकती सांडग्यांच्या ताटात होती.

रविवारी संध्याकाळी वाळवण गोळा करताना पाहिले, तर लाल ठिपका काळा झाला होता.

मी पदराने पुसला, ओल्या बोटाने चोळला. काळाच. रात्री सृष्टीचा फोन आला, "उद्या देतेस ना?" मी म्हटले, "हो, सकाळीच जाते." आणखी काही मी बोलले नाही, हे लिहायला आजही जड जाते.

तो दगड काय होता ते मला ठाऊक नव्हते असे नाही. दिवाळीच्या सुट्टीत सृष्टीने सगळे सांगितले होते, मी फराळाच्या गडबडीत अर्धेच ऐकले होते. दगड मेक्सिकोतल्या एका जुन्या खाणीचा. ज्वालामुखीच्या मुलखात जमिनीखाली फार खोल नाही, अशा जागी भेगांमधून कढत पाणी वर चढते. येताना ते खडकातले काय काय विरघळवून आणते. वर आले की उकळते आणि आणलेले सगळे भेगेच्या भिंतींवर सोडून देते. थरावर थर. बहुतेक गारच, म्हणजे पांढरा कठीण दगड, पण त्या गारेत कुठे सोन्याचा कण, कुठे चांदीचा, आणि फार क्वचित टेल्युरियमसारखे दुर्मीळ मूलद्रव्य. सृष्टीच्या दगडातला लाल ठिपका चांदीचे खनिज होते आणि त्याच्या काठाला केसाएवढी करडी कड होती. त्या कडेत टेल्युरियम होते. आधी लाल दाणा बनला की आधी करडी कड, एवढ्या एका प्रश्नावर तिचे तीन वर्षांचे काम उभे होते.

असे तीन तुकडे तिच्याकडे होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तर दगड आरशासारखा घासावा लागतो. संस्थेतल्या यंत्रावर दोन तुकडे घासले, दोन्ही वेळा मऊ दाणा गारेतून उखडून निघून गेला आणि मागे खड्डा राहिला. तिसरा आणि शेवटचा तिने यंत्राला दिला नाही. सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना प्रयोगशाळेत ज्या शालनमावशी दगड घासायच्या, त्यांच्यासाठी तो तिने राखून ठेवला. आणि मी तो सांडग्यांबरोबर वाळवला.

सोमवारी सकाळी अक्कलकोट रस्त्याने रिक्षाने कुंभारीला गेले. एका आकाराच्या बैठ्या घरांच्या रांगा, प्रत्येक घराच्या दारात पाण्याचा निळा पिंप. शालनताईंचे घर विचारावे लागले नाही. दारात दगडांचाच ढीग होता. काळे, भुरे, पोटात पांढरे स्फटिक असलेले, सगळे आपल्याकडचे. एक साठीच्या पुढचा माणूस खाटेवर बसून लसूण सोलत होता. ते त्यांचे यजमान, धर्मपाल. रेल्वेत गँगमन होते, होटगीच्या बाजूला रूळ तपासण्यात आयुष्य गेले.

"दगड आणलाय का?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडं दुसरं कोण येतंय? वांगी इकायला बसलो असतो तर वांगीवाले आले असते." मग आत तोंड करून हाक मारली, "अगं ए, गिऱ्हाईक."

शालनताई बाहेर आल्या. ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट मागे बांधलेले, चष्म्याला दोरी. हात पुसत त्यांनी पुडी घेतली, घरात गेल्या, खिडकीचा पडदा ओढला आणि मग पुडी उघडली. मी मागोमाग गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावले. 

"सृष्टी तर म्हणाली, लाल हाय."



त्यांनी चकती नाकाजवळ नेली. वास घेतला. नखाने चकतीच्या कडेचा एक पिवळा कण काढला आणि तो बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला. सांडग्याचा तुकडा होता, जिऱ्यासकट.

"ताई," त्या शांतपणे म्हणाल्या, "दगडबी वाळवला व्हय तुमी?"

बाहेरून धर्मपालांचा आवाज आला, "तळून बघितला न्हाय ते बरं."

मला हसू आले नाही. मी खाली बसले आणि साबणापासून सगळे सांगितले. शालनताईंनी मला पाणी दिले. म्हणाल्या, ही लाल चांदी उजेडाला भिते. घरातल्या उजेडातसुद्धा हळूहळू काळी पडते, म्हणून तर सृष्टीने काळा कागद लावला होता. दोन दिवसांच्या उन्हाने तिच्या अंगावर काळी साय धरली होती.

"मग गेलं का सगळं?"

"साय धरली म्हंजे खालचं दूध गेलं न्हाय. पण साय काढायची म्हंजे खरवडायला लागतंय. दाणा किती जाड हाय कुणाला ठावं? कागदाएवढा असला तर सायीबरोबर त्योबी जाईल. ती कड तर केसाएवढी."

"तुम्ही कराल ना?"

"करंन की. पण आदी पोरीला सांगा."

मी म्हटले, आधी करून पाहा, नीट झाले तर सांगायची गरजच काय. तिला तिकडे एकटीला उगाच घोर. तिची झोप जाईल, तिचे गाइड काय म्हणतील. आईच्या मनात जे येते ते सगळे मी बोलले. शालनताईंनी ऐकून घेतले. मग फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात पुठ्ठ्याच्या बारीक चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीला दोरा.

"ही दगडाची चिठ्ठी. कुठनं आला, कवा कापला, कशानं घासला, पडला, फुटला, सगळं ह्याच्यावर. तुमी लिवा. तारीख टाका. साबणानं धुतला, गच्चीवर दोन दिवस उनात व्हता. तुमच्या हातानं लिवा. तवर मी हात लावणार न्हाय."

"ताई, एवढं कशाला? मी सांगेन ना तिला नंतर."

"मीबी नंतर सांगंन म्हणले व्हते एकदा," त्या म्हणाल्या. आणि चहा ठेवायला उठल्या.

त्या चहाच्या वेळी आणि पुढच्या तीन दिवसांत, मी रोज तिथे जाऊन बसले तेव्हा, त्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्याने जे ऐकले ते असे.

शालनताईंची आई विड्या वळायची. हे घर विडी कामगार म्हणून आईच्या नावावर मिळालेले. सातव्या वर्षापासून शालनताई आईशेजारी सूप मांडीवर घेऊन बसायच्या. भिजवलेले पान पत्र्याच्या मापावर ठेवून कातरायचे, तंबाखू पसरायचा, वळायचा, तोंड मिटायचे, दोरा बांधायचा. त्या म्हणाल्या, सगळी विद्या वळण्यात. जास्त दाबले की विडी ओढली जात नाही, कमी दाबले की भसाभसा जळते. कारखान्यात तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून दोन बोटांत नुसत्या फिरवायचा आणि खराब त्या फेकून द्यायचा. "त्येला मोजमाप लागत नव्हतं. माझ्या बोटालाबी मग लागलं न्हाय."

दहावीला इंग्रजीत नापास झाल्या. लग्न झाले. एक मुलगा झाला, सुमित. तो आता पुण्यात नोकरी करतो. धर्मपालांच्या ओळखीने कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या विभागात झाडलोटीचे काम मिळाले, तेही रोजंदारीवर. विभागात महेश्वर नावाचे प्राध्यापक होते. दगड घासणारा जुना कामगार निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही. मुले दगड घासायची आणि वाकडेतिकडे करून ठेवायची. एक दिवस काच पुसता पुसता शालनताईंनी टेबलावर पडलेला एक बसाल्टचा तुकडा उचलला आणि घासायच्या पावडरीच्या चिखलात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गोल गोल फिरवला. महेश्वर सर दारात उभे होते. ते रागावतील म्हणून त्यांनी हात मागे घेतला. सर म्हणाले, "थांबू नका. आवाज बदलला की थांबा."

"म्हंजे त्यांनाबी आवाजच ऐकू यायचा," शालनताई मला सांगत होत्या. "दगड काचेवर नीट बसला की एक सूर लागतो. एखांदा दाणा सुटायला आला की त्यात खर येती, खरखरल्यावानी. आमचे हे रुळावर हातोडा मारून ऐकायचे, नट सैल हाय का. मी म्हणलं, आपल्या घरात सगळ्यांचा धंदा कानाचा."

"माझा पगार जास्त व्हता," बाहेरून धर्मपाल म्हणाले.

पुढची एकतीस वर्षे त्यांनी दगड घासले. आधी आपल्याकडचे काळे दगड, मग मुलांच्या सहलींतून आलेले, मग सरांच्या संशोधनाचे. महेश्वर सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकात पाहायला शिकवले. खनिजांची इंग्रजी नावे त्यांनी आपल्या पद्धतीने पाठ केली. कोणते किती कठीण, कोणते पाण्याने खराब होते, कोणते हाताच्या घामाने. ज्या मुलांना कळत नसे त्यांना त्याच समजावत. सृष्टी पहिल्या वर्षाला होती तेव्हा कढत पाण्याच्या शिरा तिला पुस्तकातून कळेनात. शालनताईंनी घरून बंबाची जुनी तोटी नेली होती. आपल्या बोअरच्या जड पाण्याने तिच्यात पांढरा थर साचून भोक सुईएवढे उरले होते. "हे बघ. पाणी उकाळलं की क्षार हितं बसला. तुझ्या डोंगरात बंब मोठा, येवढाच फरक." सृष्टी अजून ती तोटी विसरलेली नाही.

आणि ती चूक. तिच्याबद्दल त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले, दगड घासायला अजून सुरुवातही झाली नव्हती तेव्हा.

नोकरीला पाच-सहा वर्षे झाली होती. कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीतला तुकडा सरांनी घासायला दिला होता. त्यात एक सोन्याचा कण होता, सरांनी आधी भिंगातून पाहिलेला. त्या दिवशी सुमितला ताप होता. शालनताईंना लवकर घरी जायचे होते. आवाजात खर आली ती त्यांनी ऐकली, पण अजून चार फेऱ्या दिल्या. कण निघून गेला. त्यांनी तुकडा धुतला, पुसला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. काही बोलल्या नाहीत. सरांना वाटले, आपल्यालाच भास झाला होता. त्यांनी चार महिने त्याच जागेचे दुसरे दगड तपासले, सोने नाही म्हणून अहवाल लिहायला घेतला.

"रोज माझ्या समोर बसून लिवायचे. मी टेबल पुसायचे. एक दिवस म्हणले, सर, सोनं व्हतं. मी घालवलं."

"मग?"

"सरांनी पेन खाली ठिवलं. मग म्हणले, शालनताई, दगड गेला त्याचं काही नाही. माझे चार महिने गेले. ते लिहून ठेवलं असतंत तर वाचले असते. त्या दिवसापास्नं माझ्या ह्या चिठ्ठ्या. सरांनी सांगितल्या न्हाईत, मीच सुरू केल्या. सर आता न्हाईत. चिठ्ठी हाय."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. साध्या सुती साडीतली, दहावी नापास बाई. माझ्याकडे बी.ए.ची पदवी आहे. आणि गेले दोन दिवस मी माझ्या मुलीशी फोनवर तब्येत, जेवण आणि उन्हाळा यांवर बोलत होते.

मी त्यांच्याकडून चिठ्ठी आणि पेन घेतले. लिहिले: "१२ व १३ एप्रिल, भांड्यांच्या साबणाने धुऊन गच्चीवर उघड्या उन्हात ठेवला. लाल दाणा काळा झाला. – वैजयंती." नावापुढे 'आई' लिहिणार होते, लिहिले नाही. मग दारात जाऊन सृष्टीला फोन लावला.

तिने मध्ये न बोलता सगळे ऐकून घेतले.  

"दोन दिवस?" तिने विचारले.

"दोन दिवस."

"आई, मी तुला उघडू नकोस म्हटलं होतं."

"हो."

मग तिने विचारले, "आत्ता कुणाकडे आहे?"

"शालनताईंच्या हातात आहे. त्यांनी अजून सुरू केलेलं नाही. आधी तुला सांगायला लावलं."

तिकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "मग त्यांना म्हणावं, तुमच्या हिशोबाने करा. मला विचारू नका." आणि थोड्या वेळाने, "तू जेवलीस का?" 

मग काम सुरू झाले. कोणा माणसाला एवढेसे काम एवढे मन लावून करताना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

मागच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावलेली. दार लोटलेले. अंधार नव्हे, पण दिवेलागणीला असतो तसा उजेड. जमिनीवर पाट, पाटावर जाड काच. त्यांच्याकडे यंत्र नाही. निवृत्त होताना विभागाने काच आणि उरलेली पावडर दिली, तेवढेच. काचेवर त्यांनी एक कापड ताणून चिकटवले. ते जुन्या धोतराचे होते, खळ घालून कडक केलेले. मला वाटले, मऊ मखमल चांगली. त्या म्हणाल्या, "मऊ कापड लबाड. गार कठीण, तिला काय व्हत न्हाय. मऊ दाण्याला मातर ते चाटून खोलगट करतं. मग कड दिसत न्हाय. कापड ताठ पायजे, बोट मऊ पायजे." पाण्याऐवजी तेलाचे दोन थेंब घेतले. त्यात सृष्टीने मागे एकदा पाठवलेली हिऱ्याच्या बारीक पुडीची पेस्ट, राईच्या दाण्याएवढी.

आणि मग तीन बोटे चकतीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

मला ऐकू येत होता तो फक्त एक अगदी बारीक, कागदावर कागद सरकवल्यासारखा आवाज. दहा फेऱ्या. थांबल्या. चकती कापसाने टिपली, बॅटरी क्षणभर लावली, भिंगातून पाहिले, बॅटरी बंद केली. चिठ्ठीवर एक रेघ ओढली. पुन्हा दहा फेऱ्या. पुन्हा रेघ. अर्ध्या तासाने त्यांनी हात झटकले आणि बाहेर जाऊन बसल्या. म्हणाल्या, बोटे गरम झाली की खोटे सांगतात.

त्या दिवशी काळी साय जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या एका कोपऱ्याला विटकरी रंग दिसू लागला. मला तो दिसला नाही, त्यांना दिसला. त्यांनी भिंग माझ्या हातात दिले आणि मी श्वास रोखून पाहिले. खरेच, चुलीतल्या निखाऱ्यावरची राख एका बाजूने फुंकावी तसे काहीतरी होते. मी म्हटले, "आता होईल लवकर."

"लवकर म्हणू नका. सोन्याच्या टायमाला मी लवकरच म्हणले व्हते."

तिसऱ्या दिवशी धर्मपालांनी शेजारच्या पोरांना गल्लीत क्रिकेट खेळू दिले नाही. खाट दारात आडवी टाकून तिच्यावर बसले. कुणी मोटारसायकल घेऊन आले तर बोट ओठावर ठेवून लांबूनच परतवत. मी म्हटले, "काका, एवढं कशाला?" तर म्हणाले, "ती आत रूळ तपासतीय."

आत शालनताई डोळे मिटून बसल्या होत्या. पाच फेऱ्या. बॅटरी. रेघ. पाच फेऱ्या. साय आता दाण्याच्या वरून गेली होती, लाल रंग उघडा पडला होता. बाजूची करडी कड भिंगातून चंद्राच्या कोरीसारखी दिसत होती. पण दाण्याच्या बाजूने, गारेपासून कडेपर्यंत, एक ओरखडा होता. संस्थेत सुरुवातीला चकती हातानेच जाड पावडरीवर घासली होती, त्या वेळचा. आरशासारख्या दगडावर तो अगदी ठळक उठून दिसत होता.

"तेवढा घालवायचा ना?" मी विचारले.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. तीन फेऱ्या दिल्या. चौथी अर्धी झाली आणि हात थांबला. मला काही ऐकू आले नव्हते. त्यांना आले होते. चकती उचलून त्यांनी कापसावर उलटी ठेवली आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं?"

"खर आली. दाणा पातळ हाय, ताई. ओरखडा घालवायचा तर अजून धा फेऱ्या लागतील. तवर दाणा ऱ्हाणार न्हाय."

"पण सृष्टीला आरसा हवा होता."

"तिला दाणा पायजे. आरसा मला पायजे व्हता." हे म्हणताना त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. "एकतीस वर्सं ओरखडा असलेला दगड मी टेबलावर ठेवला न्हाय. म्हातारपणी ठेवते."

चिठ्ठी त्यांनी गुडघ्यावर घेतली. माझ्या ओळीच्या खाली रेघांच्या रांगा होत्या, त्यांखाली त्यांनी सावकाश, वाटोळ्या अक्षरांत लिहिले: "ओरखडा राहू दिला. पुढे दाणा नाही."

मी म्हटले, तुमचेही नाव घाला. त्यांनी पेन माझ्याकडे परत केले. "माजं नाव कशाला? सृष्टीला माजा हात कळतोय."

मी ऐकले नाही. त्यांच्या ओळीशेजारी मीच लिहिले, शालन तळभंडारे, कुंभारी. त्यांनी ते वाचले आणि खोडले नाही.

काळ्या कागदाची पुडी आम्ही दोघींनी मिळून बांधली. या वेळी मी कुरिअरवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने स्वतः हैदराबादला गेले, पर्स मांडीवर, हात पर्सवर, वाटेत पाणीसुद्धा बेताने प्यायले. सृष्टीने पुडी माझ्या हातून घेतली, तिथल्या तिथे चिठ्ठी वाचली. माझी ओळ वाचताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले. शालनताईंची ओळ तिने दोनदा वाचली.

पुढचे आठ दिवस माझे कसे गेले ते सांगत नाही. सूक्ष्मदर्शक, मग कुठल्याशा दुसऱ्या यंत्राची पाळी, मग ते यंत्र बंद. नवव्या दिवशी दुपारी मोबाइलवर एक फोटो आला. काळ्या पार्श्वभूमीवर, सूक्ष्मदर्शकात निळसर राखाडी दिसणारा तो लाल दाणा, आत कुठे कुठे लाल चमक, त्याच्या काठाला फिकट कड, आणि ती कड दाण्यातल्या एका चिरेतून सरळ आत शिरलेली. खाली सृष्टीने लिहिले होते: "लाल आधी. कड नंतर. चिरेत घुसली आहे म्हणजे नंतरचीच. मावशींना दाखव."

मी रिक्षा केली. धर्मपाल खाटेवर होते. मला पाहून म्हणाले, "आता काय वाळवलं?"

शालनताईंनी हात धुतले, चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. बोटांनी चित्र मोठे करायचे त्यांना जमत नव्हते, मी करून दिले. मला वाटले, त्या लाल चमक पाहतील, ती चिरेत शिरलेली कड पाहतील, जिच्यासाठी एवढे सगळे झाले. त्यांचे बोट मात्र चित्राच्या डाव्या बाजूला गेले. तिथे एक तिरकी रेघ होती, दाण्याच्या काठापर्यंत येऊन थांबलेली.

"ह्यो बघा माजा ओरखडा," त्या म्हणाल्या. "हाय तितंच हाय. म्हंजे दाणाबी हाय."

मग त्यांनी फोन धर्मपालांना दाखवायला बाहेर नेला.